आधार किती दिवस?



कीर्तनकाराचा घसा चालतो तोवर तो महाराज असतो. घसा बसला की तो पुन्हा घरचा म्हातारा होतो. २०१८ च्या दिवाळीत माझा आवाज बसला तो पुन्हा उठला नाही. डॉक्टर म्हणाले, "बोला, पण गाऊ नका." पंचेचाळीस वर्षे गावोगावच्या सप्ताहांत ज्याने दोन-दोन तास उभे राहून सेवा केली, त्याला न गाता दिवस काढायचे म्हणजे काय, हे वारकऱ्यांना वेगळे सांगायला नको. मी टाळ खुंटीला अडकवले आणि हातात खुरपे घेतले.

आमचे मोडनिंब पंढरपूरपासून तीसएक किलोमीटरवर. लहानपणी वडिलांचे बोट धरून बार्शी लाईटच्या अरुंद गाडीने मी इथूनच पंढरीला जात असे. आमचा भाग कोरडा. वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. आषाढात आभाळ भरून येते, पण पश्चिमेचा वारा असा सुटतो की ढग पुढे निघून जातात आणि धुळीने तोंड भरते. अशा मुलखात सावलीची किंमत कळते. उन्हात चालून आलेल्या दिंडीला झाडाखाली पाच मिनिटांचा विसावा मिळाला तर तिचा पुढचा कोस सोपा जातो.

आमच्या वस्तीवर विठोबाचे लहानसे देऊळ आहे. २०१९ साली राज्यात ३३ कोटी वृक्षलागवडीचा संकल्प गाजत होता. मीही आषाढी करून आल्यावर देवळाभोवती पाच रोपे लावली. दोन करंज, दोन चिंचा आणि एक पिंपळ. रोपे कमरेएवढी, काडीसारखी बारीक. वाऱ्याने मोडू नयेत म्हणून घराच्या बांधकामातले उरलेले लोखंडी गज आणले. प्रत्येक रोपाला चिकटून डोक्याच्याही वर जाणारा एक गज ठोकला आणि बांधकामाच्याच तारेने खालपासून शेंड्यापर्यंत चार ठिकाणी करकचून बांधले. शेंडा वाढला की वर आणखी एक गाठ. बाजूच्या फांद्या फुटल्या की त्या खुडून टाकायच्या, म्हणजे झाड सरळ वर जाईल. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी महामारीमुळे पायी वारी बंद राहिली. पाय घरात अडकले, तेव्हा सारा जीव मी या पाच झाडांना लावला. रोज सकाळी बुंध्याशी पाणी घालायचो. झाडे दहा-बारा फूट झाली, अगदी ओळंबा लावल्यासारखी सरळ. येणारा-जाणारा म्हणायचा, "बुवा, झाडं लावावीत तर तुमच्यासारखी!" मला ते गोड लागायचे. कीर्तन बंद झाले तरी वाहवा ऐकायची कानांची सवय जात नाही, माउली.

२०२२ च्या वैशाखात देवळापुढे पत्र्याची पडवी घालायचे ठरले आणि गज लागले. तीन वर्षे झाली, आता झाडांना काय भीती, असे म्हणून मी तारा सोडल्या. काही ठिकाणी सोडता आल्याच नाहीत. सालीने तार गिळली होती. गज उपटले त्याच संध्याकाळी एका करंजाने मान टाकली आणि शेंडा जमिनीला टेकला. तिसऱ्या दिवशी वळवाचा पाऊस आला. तासभर वारा होता. सकाळी पाहतो तर दोन्ही करंज आणि एक चिंच तारेच्या खुणेपाशी कापल्यासारखी मोडून पडलेली. दुसरी चिंच धनुष्यासारखी वाकलेली. पिंपळ कसाबसा तिरका उभा होता. बारा फुटांची झाडे आणि बुंधा माझ्या अंगठ्याएवढा!

देवळाच्या मागे, जिथे बायका देवाची भांडी घासून पाणी टाकतात, तिथे एक निंब आपोआप उगवला होता. त्याला कोणी काठी दिली नाही. दोनदा शेळीने त्याचा शेंडा खाल्ला होता. उंचीने तो माझ्या झाडांच्या निम्मा, पण बुंधा मनगटाएवढा. त्या वळवात त्याची चार पाने गळली असतील, एवढेच.

हे कोडे मी अरणला घेऊन गेलो. अरण आमच्यापासून पाच-सहा किलोमीटर. संतशिरोमणी सावता महाराजांचे गाव. ज्यांनी मळ्यातच पंढरी पाहिली, त्यांच्या भेटीला देवच आला, अशी आपली परंपरा सांगते. शके १२१७ मध्ये आषाढ वद्य चतुर्दशीला महाराज तिथे समाधिस्थ झाले. सगळ्या संतांच्या पालख्या पंढरीला जातात, पण पांडुरंगाची पालखी पंढरपूरहून अरणला येते, ती आपल्या या माळ्याच्या भेटीसाठी. तिथल्या एका म्हाताऱ्या बागवानाशी माझी जुनी ओळख. माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठे. ते माझ्याबरोबर आले, मोडलेल्या झाडांजवळ उकिडवे बसले, तारेने कापलेल्या सालीवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "बुवा, तुमी झाडाला उभं केलं न्हाई. टांगलं."

मी गप्प झालो. मग त्यांनी जे सांगितले ते मी वहीत उतरून घेतले. पुष्कळ दिंड्या आणि मंडळे झाडे लावतात, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून इथे देतो.

पहिली गोष्ट, काठी हवीच का ते आधी बघा. पिशवी काढून रोप खड्ड्यात ठेवले आणि ते आपले आपण उभे राहत असेल, तर काठी देऊच नका. रोपवाटिकेतून बांबूची कामटी बांधून येते ती वाहतुकीपुरती असते, ती सोडून टाका. पिशवीत मुळांनी गोल वेढे घेतले असतील तर ते मोकळे करा. नाहीतर मुळे तशीच गोल फिरत राहतात आणि झाड जमिनीला धरतच नाही.

काठी लागणारच असेल तर रोप ठेवण्याआधी ती खड्ड्यात रोवा, म्हणजे मुळांत घुसणार नाही. खड्ड्याच्या तळाच्या न खणलेल्या जमिनीत ती दीड-दोन फूट गेली पाहिजे. भुसभुशीत मातीतली काठी स्वतःच हलते, ती दुसऱ्याला काय धरणार? वाळवी लागू नये म्हणून तिचे बूड डांबरात बुडवा. वारा ज्या बाजूने येतो, म्हणजे आमच्याकडे पश्चिमेला, त्या अंगाला काठी असावी. मग वाऱ्याने झाड काठीपासून दूर झुकते, काठीवर घासत नाही. रोप फारच उंच असेल तर दोन्ही बाजूंना दोन काठ्या द्या आणि त्यांच्या मध्ये झाड मोकळे ठेवा.

काठीची उंची झाडाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. वरचे दोन हिस्से वाऱ्यात डोलले पाहिजेत. झाड हलले की बुंधा खालून जाड होतो आणि मुळे पसरून जमीन घट्ट धरतात. न हलणारे झाड नुसते उंच होते, त्याला आपले बळ कमवायचे कारणच राहत नाही. बुंध्यावरच्या लहान फांद्याही पहिली दोन-तीन वर्षे राहू द्या, त्यांच्या पानांवर बुंधा पोसतो. पाणी बुंध्याला लागून न घालता थोडे दूर, गोल आळ्यात घाला. मुळे पाण्याच्या शोधात बाहेर गेली पाहिजेत.

बांधायला तार नको, नायलॉनही नको. जुन्या धोतराची रुंद चिंधी घ्या. आठाच्या आकड्यासारखा वेढा द्या, काठीला घट्ट आणि झाडाला सैल. झाड आणि चिंधी यांच्यामध्ये दोन बोटे सहज गेली पाहिजेत. दर अमावास्येला जाऊन बोटे घालून बघा, आवळले असेल तर सोडून पुन्हा बांधा. शेळ्यांपासून राखायला काट्यांचे कुंपण वेगळे करा, ते झाडाला टेकू देऊ नका.

आणि शेवटची गोष्ट. काठी ज्या दिवशी लावाल त्याच दिवशी ती काढायची तिथी ठरवा. आषाढात झाड लावले तर दिवाळीला चिंधी सोडून बघा. उभे राहिले तर काठी काढा. नाही राहिले तर पुढच्या आषाढापर्यंत थांबा. त्यापुढे काठी ठेवाल तर झाड काठीचे होते, जमिनीचे होत नाही.

एवढे सांगून ते बागवान चहा घेऊन गेले. त्या रात्री जेवताना मी हा सगळा प्रसंग घरात मोठ्या रसाने सांगत होतो, दृष्टांत सापडल्यासारखा. आमच्या मंडळींनी भाकरी वाढता वाढता विचारले, "अहो, तारा काय नुसत्या झाडांनाच बांधल्या होत्या का?"

घास तोंडातच राहिला. कारण ज्याच्याबद्दल त्या बोलत होत्या, तो समोर ताटावर बसला होता.

माझा थोरला मुलगा. बाराव्या वर्षापासून तो माझ्या मागे टाळ घेऊन उभा राहिला. सव्वीस वर्षे. आवाज माझ्यापेक्षा गोड, पाठांतर माझ्यापेक्षा चोख. पण त्याने कोणती चाल लावायची ते मी ठरवायचो. कुठल्या चरणाला कोणते प्रमाण द्यायचे ते मी डोळ्यांनी सुचवायचो. त्याला कोणी स्वतंत्र कीर्तनाला बोलावले तर मी म्हणायचो, "अजून तयारी नाही." बोलावणाऱ्याने आग्रहच धरला तर त्याचे सगळे निरूपण मी लिहून द्यायचो आणि समोर पहिल्या रांगेत बसायचो. जरा चुकला की माझी मान हलायची. त्याने स्वतःच्या डोक्याने एखादा दृष्टांत घातला की घरी येऊन मी तो खुडून टाकायचो. लोक म्हणायचे, "हुबेहूब महाराजच!" आणि मी फुलून जायचो.

माझा घसा गेल्यावर २०१९ च्या माघात एका गावाने माझ्या जागी त्याला बोलावले. मी तापाने घरी पडून होतो. तो नारदाच्या गादीवर उभा राहिला, रूपाचा अभंग झाला, निरूपणाचा अभंग घेतला आणि दुसऱ्या चरणाला त्याने सवयीने पहिल्या रांगेकडे पाहिले. तिथे मी नव्हतो. पुढचे त्याला काही आठवले नाही. टाळकऱ्यांनी भजन धरून वेळ सावरली आणि अर्ध्या तासात कीर्तन आटोपले. घरी येऊन त्याने एवढेच सांगितले, "नाना, मला पुन्हा उभं राहायला सांगू नका." त्याने टाळ ठेवला. मी त्याला कच्चा म्हणालो. तीन वर्षे मनात तेच धरून बसलो. दोष बुंध्याचा, असे मला वाटत होते. तार कोणाची, हे विचारायचे सुचलेच नाही.

त्या रात्री झोप आली नाही. आपण दुसऱ्यांना सांगतो तेच आपल्याला कधी ऐकू येत नाही. १९६८ साली मी आळंदीला जोग महाराजांच्या वारकरी शिक्षण संस्थेत गेलो. माधुकरी मागायची, पाठांतर करायचे, गुरुजनांच्या पायाशी बसायचे. अभ्यासक्रम चार वर्षांचा. चार वर्षे झाली की विद्यार्थ्याला मोकळे करायचे, गावोगाव जा आणि सांगा. मला कोणी पहिल्या रांगेत बसून मान हलवली नाही. सुरुवातीला मीही अडखळलो, चुकलो, लोक हसले. त्या हलण्यातूनच माझा बुंधा जाड झाला. माझ्या मुलाला मी त्यातले काहीच मिळू दिले नाही.

आणखी एक गोष्ट तर मी शेकडो वेळा कीर्तनात सांगितली होती. ज्ञानोबारायांनी शके १२१२ मध्ये नेवाशाला खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली. समोर सद्गुरू निवृत्तिनाथ. आधाराला गीता. नऊ हजारांवर ओव्या झाल्या, गुरू प्रसन्न झाले. एखादा म्हणाला असता, आता असेच सांगत राहा. पण परंपरा सांगते की निवृत्तिनाथांनी आज्ञा केली, ही गीतेवरची टीका झाली, आता आपल्या अनुभवाचा स्वतंत्र ग्रंथ कर. त्यातून अमृतानुभव झाला. गीतेसारखा आधार, पण गुरूंनी वेळेवर तोही बाजूला घ्यायला सांगितला. मी हे सांगताना डोळ्यांत पाणी आणायचो, श्रोत्यांच्याही आणायचो. आणि मागे उभ्या असलेल्या स्वतःच्या मुलाच्या अंगावरची तार मला दिसत नव्हती.

कोणी म्हणेल, महाराज, मग आधार सोडायचा काय? वारकऱ्याला तर विठ्ठलाचा आधार जन्मभर हवा. खरे आहे. आमच्या भागात द्राक्षांच्या बागा आहेत. द्राक्षाच्या वेलाला मांडव लागतो तो कायमचा. मांडव काढला तर वेल भुईवर येते. त्यात वेलीला कमीपणा नाही, तिचा तो धर्मच आहे. देवापुढे आपण सगळे वेल आहोत. तो मांडव कधी मोडत नाही, कुजत नाही, म्हणून त्यावर निःशंक सारा भार टाकावा. पण माणसाने माणसाला द्यायचा आधार झाडाच्या काठीचा असतो. बापाचा मुलाला, गुरूचा शिष्याला, जुन्या विणेकऱ्याचा नव्याला. माणूस म्हणजे कुजणारी काठी. माझा घसा गेला, उद्या देहही जाईल. अशा काठीने स्वतःला मांडव समजणे, हीच चूक.

आठवड्याने मी पुन्हा अरणला गेलो. विचारले, "वाकलेल्या झाडाचं काय करावं? पुन्हा गजाला बांधू?" ते म्हणाले, "आता वढून सरळ करायला जाल तर मोडंल. शेंडा थोडा उतरवा. खाली, सैल बांधा. आन् वाट बघा."

तसेच केले. वाकलेल्या चिंचेचा शेंडा उतरवला, पिंपळाला आखूड काठी दिली. मोडलेल्यांच्या जागी त्या आषाढात तीन नवी रोपे लावली, माझ्याच जुन्या धोतराच्या चिंध्यांनी बांधली. आणि मुलाला म्हणालो, "कीर्तन नको. संध्याकाळी आपल्या देवळात हरिपाठ तेवढा घे. मी येणार नाही." तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग टाळ पुसायला बसला.

मी देवळामागे त्या आपोआप उगवलेल्या निंबाखाली बसायचो, त्याला दिसणार नाही असा. पहिल्या दिवशी पाच माणसे होती. एका ठिकाणी तो अडला. माझे ओठ हलले, पण मी मूठ आवळून गप्प राहिलो. पाच जणांतल्या एका म्हातारीने पुढचा शब्द उचलला, तो सावरला आणि पुढे गेला. सैल चिंधी म्हणजे काय ते मला तेव्हा कळले. झाड झुकले तरच ती लागते.

२०२२ मधली ती गोष्ट. पुढच्या वर्षी दिवाळीपर्यंत देवळाभोवतीच्या सगळ्या काठ्या निघाल्या. वाकलेली चिंच पूर्ण सरळ झाली नाही, तिच्या बुंध्यात एक बाक कायमचा राहिला. तारेची खूणही आहे. पण ती आता हात लावला तर हलत नाही. मुलाने गेल्या वर्षी सावता महाराजांच्या पुण्यतिथीला आमच्या वस्तीवर पहिले पूर्ण कीर्तन केले. त्याची चाल माझी नव्हती. एक प्रमाण त्याने जिथे दिले तिथे मी कधी दिले नसते. एक दृष्टांत तर मला मुळीच पटला नाही. मी शेवटच्या रांगेत बसून ऐकत होतो. घरी आल्यावर त्याने विचारले, "नाना, काय चुकलं?" जिभेवर पाच गोष्टी आल्या होत्या. मी म्हणालो, "उद्या सांगतो." तो उद्या अजून आणलेला नाही.

माउली, या आषाढीहून परतलात की एक झाड जरूर लावा. रोप, खत, पाणी सगळे जमवाल. त्याबरोबर काठी काढायची तिथीही वहीत लिहून ठेवा. आणि घरात, फडात, दिंडीत तुमच्या आधाराने कोणी उभे असेल, तर आज रात्री जाऊन दोन बोटे घालून बघा, आवळले तर नाही ना. निघालेली काठी फेकू नका, ती पुढच्या रोपाला लागते. माझ्या त्या काठ्या देवळाच्या पडवीत ठेवल्या आहेत. ज्याला हव्या त्याने न्याव्यात.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम.